रिसेप्शनची स्टॅगर्ड सुरुवात आणि आपली नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी सप्टेंबर २०२४ ला रिसेप्शनला, म्हणजे इंग्लंडमधल्या शाळेच्या अगदी पहिल्या वर्गाला, गेली. आम्ही दोघंही नोकरी करतो, इथे इंग्लंडमध्ये जवळचं नातेवाईक कुणी नाही, आणि शाळेचं पहिल्या तीन आठवड्यांचं वेळापत्रक हातात पडलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. तेव्हापासून दर जून-जुलैला ओळखीतल्या मराठी आईबाबांचे फोन येतात, बहुतेक रात्री दहानंतर, पोरं झोपल्यावर, आणि प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. हे इंग्लंडमधल्या सरकारी शाळांबद्दल आहे, अकॅडमी (सरकारी पैशाने पण ट्रस्टने चालवलेल्या शाळा) त्यातच आल्या. स्कॉटलंडमध्ये शाळा ऑगस्टमध्येच सुरू होते आणि नियम वेगळे, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडचेही वेगळे, आणि फी भरून जायच्या शाळांचे नियम त्यांचे त्यांचे.

स्टॅगर्ड स्टार्ट म्हणजे नक्की काय?

सगळ्या मुलांना एकाच दिवशी पूर्ण वेळ न बोलावता थोडी थोडी करून बोलवायचं, आणि वेळही हळूहळू वाढवत न्यायची. प्रत्येक शाळेची पद्धत निराळी. आमच्याकडे असं होतं की पहिल्या आठवड्यात अर्धा वर्ग फक्त सकाळी आणि उरलेला अर्धा फक्त दुपारी, दुसऱ्या आठवड्यात सगळे एकत्र पण जेवण करून घरी, आणि तिसऱ्या आठवड्यात पूर्ण दिवस. माझ्या मैत्रिणीच्या शाळेत मोठी मुलं आधी आणि उन्हाळ्यात जन्मलेली आठवड्याने नंतर. काही शाळा दोन दिवसांत उरकतात आणि काही शाळांत अजिबात नसतं. शिवाय टर्मचा पहिला एखाद-दुसरा दिवस इन्सेट डे असतो, म्हणजे शिक्षक येतात पण मुलं नाहीत, त्यामुळे कॅलेंडरवर टर्म सुरू झालेली दिसते आणि तुमचं मूल मात्र पुढच्या गुरुवारपर्यंत घरीच.

पण असं करतात का? एकदम पाठवलं तर काय बिघडतं?

वर्गात ३० पर्यंत मुलं असतात, चार वर्षांची, काहींना कोट घालता येत नाही, काहींना एकट्याने टॉयलेटला जायची सवय नाही, आणि शिक्षिकेला एकही नाव पाठ नाही. अर्धा वर्ग असला की तिला प्रत्येकाकडे बघता येतं. हे मी आधी मान्य करत नव्हते, मला वाटायचं शाळेला आमच्या नोकऱ्यांची काही पडलेली नाही. पण पहिल्याच दिवशी पंधरा मुलांत शिक्षिकेने माझ्या लेकीशेजारी बसून तिचं नाव नीट म्हणायला शिकून घेतलं, दोनदा विचारून, आणि ते तीस मुलांत झालं नसतं हे मला तिथेच कळलं.

आणि हे काही फक्त गोऱ्यांचं खूळ नाही. पुण्या-मुंबईतल्या नर्सरीतसुद्धा पहिला आठवडा तास-दीड तासाचाच असतो की. फक्त तिथे खाली रिक्षावाले काका असतात, शेजारच्या काकू असतात, आजी दोन स्टॉपवर असते. इथे ते नाही, म्हणून तेच वेळापत्रक इथे अंगावर येतं.

वेळापत्रक कधी कळतं?

उशिरा. हीच खरी अडचण आहे. अर्ज १५ जानेवारीपर्यंत, शाळा कुठली मिळाली ते १६ एप्रिलच्या सुमाराला कळतं, आणि नेमक्या तारखा बऱ्याच शाळा जून-जुलैमधल्या पालकांच्या मीटिंगमध्ये देतात. तोवर ऑफिसात सप्टेंबरच्या सुट्ट्या दुसऱ्यांनी घेतलेल्या असतात.

तुम्ही थांबू नका. एप्रिलमध्ये जागा मिळाली, ती ॲक्सेप्ट केली, की मे महिन्यातच शाळेच्या ऑफिसला दोन ओळींचं ईमेल टाका: आम्ही दोघं नोकरी करतो, मागच्या वर्षी रिसेप्शनच्या पहिल्या तीन आठवड्यांचं वेळापत्रक कसं होतं ते पाठवाल का. मागच्या वर्षीचं मागायचं, यंदाचं नाही. यंदाचं अजून ठरलं नाही असं उत्तर येतं, मागच्या वर्षीचं मात्र देतात, आणि साधारण तेच परत असतं.

शाळेला नाही म्हणता येतं का?

हो, येतं, आणि हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीतच नसतं. इंग्लंडच्या स्कूल ॲडमिशन्स कोडमध्ये (शाळाप्रवेशाच्या सरकारी नियमांत) स्पष्ट लिहिलंय की मुलाला चौथ्या वाढदिवसानंतरच्या सप्टेंबरपासून पूर्ण वेळ जागेचा हक्क आहे. अर्धा वेळ पाठवायचं की पुढे ढकलायचं हेसुद्धा पालकांनी ठरवायचं, मूल सक्तीच्या शाळेच्या वयाचं होईपर्यंत, म्हणजे पाचव्या वाढदिवसानंतरच्या टर्मपर्यंत. म्हणजे हळूहळू वेळ वाढवायचा प्लॅन ही शाळेची विनंती आहे, चांगल्या हेतूने केलेली विनंती, पण तुमच्यावर सक्ती नाही.

आता हे सांगायचं कसं, हा खरा प्रश्न. आपण एकतर गप्प बसतो, "शाळेने सांगितलंय ना मग", कारण शिक्षकांना उलट बोलायचं नाही हे आपल्यात लहानपणापासून मुरलेलं आहे, किंवा मग एकदम नियमाचा कलम नंबर टाकून भांडायच्या तयारीने ईमेल लिहितो. मला दोन्ही पटत नाही. ज्या बाईंच्या हातात आपलं मूल वर्षभर असणार तिच्याशी पहिलं बोलणं कायद्यावरून नको. आधी साधं सांगा की या या तारखांना आम्हाला सुट्टी मिळत नाहीये, मूल नर्सरीत दिवसाचे नऊ तास राहायचं, तर या तारखेपासून त्याला पूर्ण दिवस घ्याल का. बऱ्याच शाळा एवढ्यावर हो म्हणतात. नाहीच म्हणाले तर मग कोडचा उल्लेख करा, लेखी, शांतपणे, हेड टीचरना. त्याहीपुढे काउन्सिलची (इथल्या स्थानिक पालिकेची) ॲडमिशन्स टीम असते.

मग तुम्ही काय केलंत?

पहिला अर्ध्या दिवसांचा आठवडा तसाच घेतला, दुसऱ्या आठवड्यापासून पूर्ण दिवस मागितला, आणि शाळा हो म्हणाली. पहिला आठवडा सोडला नाही कारण माझी मुलगी पटकन मिसळणारी नाही, तिला गर्दी दिसली की ती माझ्या ओढणीत तोंड खुपसते. तुमचं पोर वेगळं असेल. हक्क आहे म्हणून तो पूर्ण वापरलाच पाहिजे असं नाही, आणि शाळा म्हणते म्हणून तीन आठवडे नोकरी पणाला लावायची असंही नाही. मुलाकडे बघून ठरवा, आणि जुलैमध्येच ठरवा, सप्टेंबरच्या दोन तारखेला नाही.

सुट्ट्या कशा जमवायच्या? आमच्याकडे आधीच कमी आहेत.

आधी एक हिशोब करा, सप्टेंबरचा नाही, पूर्ण वर्षाचा. शाळा मुलांसाठी वर्षाला १९० दिवस असते. सोमवार ते शुक्रवारचे दिवस साधारण २६०, त्यातून १९० गेले आणि ८ बँक हॉलिडे गेले की साठेक दिवस उरतात ज्या दिवशी तुम्हाला ऑफिस आहे आणि मुलाला शाळा नाही. कायद्याने सुट्टी ५.६ आठवडे, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याला २८ दिवस, आणि बऱ्याच कंपन्या बँक हॉलिडे त्यातच धरतात, म्हणजे हातात २०. दोघांचे मिळून ४०. आता यातले १५ सप्टेंबरमध्येच उडवले तर ऑक्टोबरचा हाफ टर्म (टर्मच्या मधली सुट्टी) आणि ख्रिसमसचे दोन आठवडे कुठून काढणार? नर्सरीत असताना हे कधी लक्षातच येत नाही कारण बहुतेक खाजगी नर्सऱ्या जवळजवळ वर्षभर चालू असतात. शाळा सुरू झाली की पहिल्यांदा कळतं की अरे, दर सहा-सात आठवड्यांनी सुट्टी आहे.

आम्ही जे केलं ते असं. पूर्ण दिवस सुट्टी घ्यायचीच नाही, अर्धे दिवस घ्यायचे, आणि ते दोघांत वाटून. ज्या दिवशी सकाळचं सत्र त्या दिवशी नवरा लवकर कामाला बसायचा आणि बाराला उठायचा, मी मुलीला सोडून ऑफिसला, दुपारी तो पिकअप करून पुढे तिच्यासोबत. दुसऱ्या दिवशी उलट. पहिला आठवडा पाच दिवसांचा, त्यात दोघांच्या मिळून अडीच सुट्ट्या गेल्या. फ्रीजवर कागद लावला होता, कुणी सोडायचं, कुणी आणायचं, कुणाची कुठली मीटिंग हलत नाही.

आणि बाबांनो, हे तुम्हालाही उद्देशून आहे. मला फोन येतात ते नव्याण्णव टक्के आयांचे. सुट्टी आईनेच घ्यायची, मॅनेजरशी आईनेच बोलायचं, आणि बाबा "तुझं ऑफिस समजूतदार आहे ना" म्हणणार. समजूतदार ऑफिसचीसुद्धा समजूत संपते. निम्मं निम्मं करा. मुलीला तिच्या पहिल्या आठवड्यात गेटवर बाबा दिसला याचा तिला किती आनंद झाला ते मी पाहिलंय.

मॅनेजरला सांगताना "सप्टेंबरमध्ये थोडं ॲडजस्ट करावं लागेल" असं मोघम बोलू नका. तारखा आणि तास द्या. या सात दिवशी मी साडेअकरा ते सव्वा वाजेपर्यंत नसेन, बाकी वेळ आहे, आणि अमुक तारखेला हे संपेल. शेवटची तारीख सांगितली की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं.

अनपेड पॅरेंटल लीव्ह घेता येते का? व्हिसावर काही परिणाम?

येते. प्रत्येक मुलामागे १८ आठवडे, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, पण एका वर्षात एका मुलासाठी जास्तीत जास्त ४ आठवडे. घ्यायची ती पूर्ण आठवड्यांत, सुटे दिवस कंपनीने मान्य केले तरच. २१ दिवस आधी नोटीस द्यायची. आणि कामाची अडचण असेल तर कंपनी ती ६ महिन्यांपर्यंत पुढे ढकलू शकते, आणि सप्टेंबर ढकलला तर आपल्या उपयोगाचीच राहत नाही, म्हणून जूनमध्येच बोला. नोकरीला किती काळ झालेला हवा याचा नियम बदलत आलाय, तेवढं एचआरकडून आजचं बघून घ्या. आई आणि वडील दोघांनाही हा हक्क स्वतंत्र आहे, तोही लक्षात ठेवा.

स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर दोन गोष्टी. एक, वर्षात एकूण ४ आठवड्यांपेक्षा जास्त बिनपगारी गैरहजेरी झाली तर स्पॉन्सरशिप थांबू शकते, पण कायद्यातली पॅरेंटल लीव्ह त्यातून वगळलेली आहे. म्हणून एचआरच्या सिस्टिममध्ये ती नुसती "अनपेड लीव्ह" म्हणून न जाता पॅरेंटल लीव्ह म्हणूनच नोंदली गेली पाहिजे, ईमेलवर लेखी घ्या. दोन, कामाचे तास कमी करून घ्यायचा विचार असेल तर थांबा. पगार व्हिसाच्या मर्यादेखाली गेला तर प्रश्न सुट्टीपेक्षा कितीतरी मोठा होतो. तास तेवढेच ठेवून वेळा बदलून मागा.

आणि एक, डिपेंडंट्ससाठीची, म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांसाठीची, जी तातडीची रजा असते ती यासाठी नाही. ती अचानक आलेल्या प्रसंगाला आहे, मूल आजारी पडलं, चाइल्डमाइंडर (पैसे घेऊन मुलं सांभाळणारी बाई) आलीच नाही असं. आधीपासून माहीत असलेल्या वेळापत्रकाला ती चालत नाही.

घरून काम करत करत सांभाळलं तर?

नाही. एखादा दिवस निभतो, तीन आठवडे नाही. चार वर्षांचं मूल नवीन जगात तीन तास काढून घरी येतं आणि त्याला तुम्ही हवे असता, लॅपटॉपमागचे तुम्ही नाही. मी दुसऱ्याच दिवशी करून पाहिलं, टीम्स कॉल चालू असताना ती शेजारी येऊन नुसती उभी राहिली, काही बोलली नाही, माझी बाही धरून उभी. त्या दिवसानंतर घरून सांभाळायचा विचारच सोडला.

फ्लेक्झिबल वर्किंग (कामाच्या वेळा किंवा जागा बदलून) मागू का?

मागा, पण ते सप्टेंबरसाठी नाही, त्यानंतरच्या वर्षांसाठी, कारण खरी कसोटी रोजची तीन-सव्वातीनची शाळा सुटायची वेळ ही आहे. ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अर्ज करता येतो, बारा महिन्यांत दोनदा, आणि कंपनीने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. म्हणजे सप्टेंबरपासून हवं असेल तर अर्ज जूनमध्ये. नाकारायला त्यांना कायद्यातलं ठरलेलं व्यावसायिक कारण द्यावं लागतं, आणि नाकारण्याआधी तुमच्याशी बोलावं लागतं.

आजी-आजोबांना बोलवावं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. बोलवा, पण नीट समजून बोलवा.

स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर एका वेळी साधारण ६ महिने राहता येतं. व्हिजिटरला काम करता येत नाही. घरचं माणूस भेटीला आलंय आणि त्या थोड्या दिवसांत नातवंडाला सांभाळतंय, याला हरकत नाही, पण ती आया म्हणून ठेवल्यासारखी व्यवस्था नसली पाहिजे, पैसे तर अजिबात नाही. आणि पुन्हा पुन्हा येऊन इथेच राहिल्यासारखं दिसायला लागलं की पुढचा व्हिसा किंवा विमानतळावरची एंट्री अडू शकते. अर्जात जे खरं आहे तेच लिहा: नात शाळेत जायला लागलीय, तिला भेटायला, सहा-आठ आठवडे.

तारखेचं सांगते. आजी शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात उतरली तर दोघींनाही जड जातं, आजीला जेटलॅग, नवीन गॅस, नवीन कुलपं, आणि नातीला शाळा. ऑगस्टच्या सुरुवातीला आलेली बरी. शाळेपर्यंत रोज एकदा चालत जाऊन या, कुठल्या गेटने आत जायचं ते दाखवा. शाळेच्या पिकअप यादीत आजीचं नाव आणि फोटो आधी द्या, काही शाळांत पासवर्ड असतो, तो आजीला पाठ असू द्या. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरणाऱ्या आज्या असतात, माझ्या सासूबाई होत्या. त्यांना मी एका कार्डावर मुलीचं नाव, वर्ग आणि माझा फोन लिहून दिला होता, त्यांनी पहिल्या दिवशी ते कार्ड शिक्षिकेसमोर धरलं आणि तिसऱ्या दिवसापासून दोघी एकमेकींना हात करायला लागल्या.

"एवढंसं लेकरू, कशाला एवढ्यात शाळेत टाकता" हे ऐकावं लागेल. त्यात त्यांची माया आहे, त्यावर वाद नको. फक्त गेटवर मुलासमोर ते बोलायचं नाही एवढं आधी प्रेमाने सांगून ठेवा.

नर्सरी सप्टेंबरमध्येही चालू ठेवता येईल?

नर्सरीला विचारा, पण वेळेवर, कारण नोटीस बहुतेक ठिकाणी महिनाभर आधी द्यावी लागते आणि ती जागा सप्टेंबरपासून दुसऱ्या मुलाला दिलेली असते. मूल रिसेप्शनला जायला लागलं की सरकारी तास (नर्सरीचे ज्या तासांचे पैसे सरकार भरतं ते) नर्सरीत मिळत नाहीत, ते दिवस पूर्ण पैशाने पडतात. आणि नर्सरीतून सहसा कुणी मुलाला दुपारी बारा वाजता शाळेतून आणायला जात नाही.

चाइल्डमाइंडर हा माझ्या मते यापेक्षा चांगला मार्ग आहे, शाळेत सोडणारी-आणणारी, ऑफस्टेडकडे (शाळा-नर्सऱ्या तपासणाऱ्या सरकारी संस्थेकडे) नोंदणी असलेली. पण चांगल्या चाइल्डमाइंडरच्या जागा एप्रिलमध्येच भरतात. शाळेची जागा कळली त्याच आठवड्यात, "कुठल्या चाइल्डमाइंडर या शाळेचं पिकअप करतात" असं शाळेच्या ऑफिसला विचारा, त्यांना सगळ्या माहीत असतात.

शाळेचे ब्रेकफास्ट आणि आफ्टर स्कूल क्लब रिसेप्शनच्या मुलांना पहिले दोन-तीन आठवडे कधीकधी घेत नाहीत. हे लहान अक्षरांत लिहिलेलं असतं. स्वतः विचारा.

टॅक्स-फ्री चाइल्डकेअरबद्दल: तुम्ही ८ पौंड भरले की सरकार २ घालतं, एका मुलामागे वर्षाला २,००० पौंडांपर्यंत, आणि हे शाळेच्या वयातही चालतं, नोंदणी असलेल्या क्लबला आणि चाइल्डमाइंडरला. पण तुम्हा दोघांच्याही व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" (म्हणजे सरकारी भत्ते घेता येत नाहीत) लिहिलं असेल तर हे घेऊ नका, त्याची पात्रताच बसत नाही. सरकारी शाळा मात्र पब्लिक फंड नाही, तिथे निश्चिंत राहा.

दोन-तीन मराठी घरांनी आळीपाळीने मुलं सांभाळली तर?

उत्तम. आमचं दुसरं वर्ष अशानेच निभतंय. पैसे मात्र देऊ-घेऊ नका. आठ वर्षांखालच्या मुलाला दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त आपल्या घरी सांभाळून मोबदला घेतला तर नोंदणी लागते. डब्यात भाजी-पोळी जास्तीची पाठवा, तेवढं पुरतं.

आमचा मुलगा ऑगस्टचा आहे, फार लहान वाटतो.

मग तुमच्याकडे इतरांपेक्षा जास्त मोकळीक आहे. सक्तीचं वय पाचव्या वाढदिवसानंतर येणाऱ्या टर्मपासून लागतं, म्हणजे ऑगस्टच्या मुलाला रिसेप्शनचं अख्खं वर्ष सक्ती नाही, तुम्ही त्याला वर्षभर अर्धा वेळ पाठवू शकता किंवा जानेवारीत, फार तर एप्रिलच्या टर्ममध्ये सुरू करू शकता, आणि तोवर तो नर्सरीत असेल तर तिथले सरकारी तास चालू राहतात. १ एप्रिल ते ३१ ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांसाठी एक पूर्ण वर्ष थांबून पाचव्या वर्षी रिसेप्शनला घालायची विनंतीही करता येते, पण ती मान्य करायची की नाही ते काउन्सिल किंवा शाळा ठरवते, आणि त्याची तयारी अर्जाच्या वेळीच सुरू करावी लागते.

घरी मराठीच बोलतो. शाळेत त्याचं कसं होईल?

मराठी सोडू नका. हे आधी सांगते कारण दर वर्षी कुणीतरी मे महिन्यात घाबरून घरात इंग्रजी सुरू करतं आणि मूल दोन्हीकडे गप्प होतं. इथल्या शिक्षिकांना घरी दुसरी भाषा बोलणारी मुलं नवीन नाहीत.

करायचं एवढंच. पाच-सहा इंग्रजी शब्द पक्के करून घ्या: टॉयलेट, वॉटर, हेल्प, स्टॉप, हर्ट. आणि शिक्षिकेला उलटा कागद द्या, मूल घाबरलं की जे मराठी शब्द तोंडात येतात ते, त्यांच्या अक्षरांत लिहून: शू, शी, पाणी, दुखतंय, आई कुठेय, नको. आमच्या शिक्षिकेने तो कागद आपल्या टेबलाजवळ चिकटवला होता. एकदा मी मुलीला न्यायला गेले तेव्हा मला म्हणाली, आज ती "नको" म्हणाली आणि मला कळलं. घरातलं नावही कळवा. कागदोपत्री नाव एक आणि घरी सोनू, तर पहिले दोन दिवस हाक मारली तरी मूल वळत नाही आणि शाळेला वाटतं ऐकू येत नाही की काय.

पहिल्या आठवड्यांत परीक्षा घेतात म्हणे?

रिसेप्शन बेसलाइन असेसमेंट, पहिल्या सहा आठवड्यांत. शिक्षिका एकेका मुलासोबत बसून थोडं बोलते, मोजायला लावते. पास-नापास नाही, तयारी करून घ्यायची नाही. ट्यूशन लावणाऱ्यांचं ऐकू नका.

जेवणाचं काय?

रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू, तिन्ही वर्गांना सरकारी शाळेत दुपारचं जेवण फुकट आहे, २०१४ पासून, व्हिसा कुठलाही असो. शाकाहारी असाल तर फॉर्मवर स्पष्ट लिहा, अंडं चालतं की नाही तेही लिहा, आणि जेलीतल्या जिलेटिनचं वेगळं सांगा, ते त्यांच्या लक्षात येत नाही. अर्ध्या दिवसांच्या आठवड्यात जेवण आहे का ते विचारून घ्या, नाहीतर मूल बाराला उपाशी बाहेर येतं. पिशवीत केळं ठेवा. काटा-चमचा उन्हाळ्यात सवयीचा करा, पण घरी हाताने जेवू द्या.

शिक्षिका घरी येणार आहे, काय तयारी करू?

काही नाही. होम व्हिजिट तपासणी नसते, मुलाला त्याच्याच खेळण्यांत बघायचं असतं. पंधरा-वीस मिनिटं थांबतात. मी पोहे केले होते, त्यांनी फक्त पाणी घेतलं. ही व्हिजिट कामाच्या वेळेतच येते, म्हणून सकाळची पहिली किंवा संध्याकाळची शेवटची वेळ मागून घ्या.

शाळेत छान असते म्हणतात, घरी आली की आकांत करते. का?

थकलेली असते. दिवसभर नवीन माणसांत सगळं धरून ठेवलेलं घरी सुटतं, कारण घरी सुटलं तरी चालतं हे तिला माहीत असतं. गेटवरून निघताना "काय केलंस, कोण मैत्रीण झाली, काय शिकलीस" असं विचारू नका, खायला हातात द्या आणि चाला. वरण-भात, लवकर अंघोळ, सातला झोप. पहिला महिना शनिवार-रविवारी कुणाकडे जेवायला जाऊ नका, मंडळाचे कार्यक्रमही थोडे सोडा. आम्ही सोडले नाहीत आणि तिला तिसऱ्या आठवड्यात ताप आला.

पण त्याच दिवसांत गणपती असतात!

हो, २०२४ ला चतुर्थी शनिवारी, ७ सप्टेंबरला आली म्हणून आमचं भागलं. २०२६ ला १४ सप्टेंबरला आहे, सोमवार, म्हणजे बऱ्याच शाळांच्या स्टॅगर्ड आठवड्यांच्या ऐन मध्यावर. मूल पाच वर्षांचं झालेलं नसेल तर एक दिवस न पाठवल्याने दंडबिंड काही होत नाही, शाळेला आधी कळवा म्हणजे झालं. पण माझं मत विचाराल तर त्या आठवड्यात लय तोडू नका. अर्धा दिवस असेल तर उलट सोय आहे, सकाळी शाळा, दुपारी पूजा. दीड दिवसाचाच बसवा. आणि शिक्षिकेला सांगून ठेवा की घरी गणपती आहेत, मूल त्याबद्दल बोलेल, म्हणजे तिला दोन प्रश्न विचारता येतील.

गेटवर रडली तर थांबू का?

थांबू नका. जवळ घ्या, कोण घ्यायला येणार आणि कधी ते सांगा, "जेवण झालं की बाबा येईल" असं, घड्याळातली वेळ नको, ती तिला कळत नाही. मग वळा आणि जा. कोपऱ्यावर जाऊन शाळेच्या ऑफिसला फोन करा, दहा मिनिटांनी, ते वर्गात बघून येतात आणि सांगतात. मी तीन दिवस केला. चौथ्या दिवशी ऑफिसातल्या बाईंनीच मला फोन केला, मी करायच्या आधी, की ती पाण्याच्या टेबलाशी खेळतेय आणि तिच्या बाह्या भिजल्यात, उद्या जास्तीचा स्वेटर पाठवा.